खानदेशातील महाविद्यालयीन कुस्ती

खानदेशातील महाविद्यालयीन कुस्ती म्हणजे महाराष्ट्राच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांमध्ये, जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत खेळली जाणारी स्पर्धात्मक कुस्ती होय. ही कुस्ती आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गादीवर, म्हणजे मॅटवर, खेळली जाते. तिच्यात उतरणारे मल्ल मात्र बहुतांशी गावोगावच्या तालमींत, तांबड्या मातीत तयार झालेले असतात. मल्ल घडवतो तो तालमीचा वस्ताद. त्याला प्रवेश देते, संघात घेते आणि स्पर्धेला पाठवते ते महाविद्यालय. या दुहेरी व्यवस्थेतूनच येथील मल्लनिवडीची आणि प्रशिक्षणाची बहुतेक वैशिष्ट्ये, तसेच बहुतेक अडचणी उद्भवलेल्या आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन कुस्तीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोल्हापूरचे आहे. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६–१९८४) हे राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांना घडवणारे बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी हे तालमीच्या परंपरेतले होते, तर महाविद्यालयात क्रीडाशिक्षक गोविंद पुरंदरे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. मॅटवरच्या कुस्तीची आणि तिच्या नियमांची खरी ओळख त्यांना तेथेच झाली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या कथेतील त्यागाची बाजू सर्वांना पाठ असते. परंतु एका प्राचार्याला घर गहाण टाकावे लागले याचा अर्थ महाविद्यालयाजवळ त्या कामासाठी तरतूदच नव्हती, हेही त्याच कथेत आहे.

खानदेशात उच्च शिक्षणाची सोय चाळीसच्या दशकात झाली. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय १९४४ मध्ये आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय त्यापाठोपाठ १९४५ मध्ये निघाले. आरंभी ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती आणि १९४९ पासून पुणे विद्यापीठाशी. पुढे धुळे, चाळीसगाव, भुसावळ, फैजपूर, शिरपूर, नंदुरबार, शहादा अशा गावी महाविद्यालये निघाली. त्यामुळे शेतकरी कुटुंबातील जी मुले पूर्वी शाळेनंतर थेट शेतीकडे वळत, ती महाविद्यालयाच्या पटावर आली. त्यांत तालमीत जाणारी मुलेही होती.

कुस्ती या भागाला नवी नव्हती. चैत्र-वैशाखातील ग्रामदैवतांच्या यात्रांत आणि उरसांत दंगली भरत व आजही भरतात. त्यांची सुरुवात नारळावर किंवा रेवड्यांवर लागणाऱ्या पोरांच्या कुस्त्यांनी होते आणि शेवट इनामाच्या मोठ्या जोडीने. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने झाली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा सुरू झाली. साठ व सत्तरच्या दशकांत या स्पर्धेचे यजमानपद धुळे व चाळीसगाव यांनीही भूषवले होते.

विद्यापीठ बदलल्याचा परिणाम

खानदेशच्या महाविद्यालयीन कुस्तीला सर्वांत मोठे वळण मिळाले ते १५ ऑगस्ट १९९० रोजी, आणि त्याचे कारण प्रशासकीय होते. त्या दिवशी पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ अस्तित्वात आले. (२०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले.) आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून एका वजनगटात एकच मल्ल उतरतो. तोवर चोपड्याच्या किंवा साक्रीच्या मुलाला त्या एका जागेसाठी पुणे, अहमदनगर व नाशिक जिल्ह्यांतील मल्लांना हरवावे लागे. त्यांच्यामागे पुण्याच्या तालमी, मॅट आणि मोठे वस्ताद असत. नव्या विद्यापीठामुळे सर्व वजनगटांच्या जागा तीन जिल्ह्यांच्याच वाट्याला आल्या. अखिल भारतीय स्पर्धेचे दार त्यामुळे अनेकांना उघडे झाले. मात्र जी चुरस पूर्वी घरातच मिळत असे ती गेली, आणि तिची उणीव थेट अखिल भारतीय आखाड्यात हरयाणा, पंजाब व दिल्लीच्या मल्लांसमोर जाणवू लागली.

विद्यापीठाने स्पर्धांसाठी जळगाव, एरंडोल, धुळे आणि नंदुरबार असे विभाग केले आहेत. महाविद्यालयाचा मल्ल आधी आपल्या विभागात खेळतो, विभागाचे विजेते आंतरविभागीय स्पर्धेत भिडतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ ठरतो. हा संघ भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. २०२० मध्ये भुवनेश्वर येथून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांसाठीची पात्रता याच स्पर्धेतील कामगिरीवर ठरते.

मल्लांची निवड

अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती ही स्वतंत्र व्यवस्था आहे. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धा १९२८ पासून भरते. महाविद्यालयाचा पगारी प्रशिक्षक शाळकरी मल्लांच्या लढती पाहत हिंडतो, त्यांच्या घरी जातो आणि शिष्यवृत्ती देऊ करून लेखी करार करतो. डॅन गेबल यांनी आयोवा विद्यापीठात दोन दशकांत पंधरा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली, तीही या निवडपद्धतीच्या बळावर.

खानदेशात ‘निवड’ या शब्दाला असा अर्थ नाही. येथे ती प्रवेशाच्या दिवसांत, जून-जुलैमध्ये, बऱ्याच अंशी तोंडी होते. महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षण संचालक परिसरातील वस्तादांना ओळखत असतात. तालमीतील कोणता मुलगा बारावी झाला, त्याचे वजन किती, तो कोणत्या दंगलीत कोणाशी बरोबरीत सुटला, ही माहिती वस्तादाकडूनच येते. दुसरा मार्ग शालेय स्पर्धांचा. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या एकोणीस वर्षांखालील गटात अकरावी-बारावीचे विद्यार्थी खेळतात, आणि अनेक ठिकाणी कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात असल्याने संचालकाने तो मल्ल दोन वर्षे पाहिलेला असतो. यात्रेतील दंगल हा तिसरा मार्ग. तथापि तेथे वजनकाटा नसतो आणि जोड डोळ्यांनी लावली जाते. दंगलीत नाव कमावलेला मल्ल मॅटवर कोणत्या वजनात बसेल, हे प्रत्यक्ष वजन केल्यावाचून कळत नाही.

महाविद्यालयाला देण्यासारखे फार थोडे असते: शुल्कात सवलत, वसतिगृहात जागा, स्पर्धेचा प्रवास व भत्ता, गणवेश आणि हजेरीबाबत समजूतदारपणा. एकाच शहरातील दोन महाविद्यालयांत एखाद्या चांगल्या मल्लासाठी ओढाताण झालीच, तर ती बहुधा यांतल्या एखाद्या गोष्टीवरून होते आणि निर्णय वस्तादाच्या शब्दावर ठरतो. वस्तादाचा शब्द घरच्यांनाही मान्य असतो. मुलाने कला शाखेत जावे की वाणिज्य, हेसुद्धा कधी कधी सकाळच्या सरावाची वेळ पाहून ठरवले जाते. शिक्षणाच्या दृष्टीने हे इष्ट नाही, पण ते घडते.

आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यार्थी नियमित व पूर्णवेळ असावा लागतो आणि त्याचे वय १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. ही अट कागदी मल्लांना, म्हणजे केवळ स्पर्धेपुरता प्रवेश घेणाऱ्यांना, आवर घालण्यासाठी आहे. ती कितपत पाळली जाते हे महाविद्यालयाच्या हजेरीपटावर अवलंबून असते.

प्रशिक्षण: माती आणि मॅट

तालमीचा दिवस पहाटे सुरू होतो. हौद्यातील माती खणून, चाळून मऊ केली जाते. तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबाचा रस व काव मिसळलेली असते. जोर, बैठका व सपाटे झाले की मल्ल हौद्यात उतरतात आणि वस्ताद जोडी लावून देतो. खलिफा हा शब्दही वस्तादाच्या अर्थाने काही तालमींत रूढ आहे. डाव शिकवणे, दुखापतीवर मालीश करणे, खुराकावर लक्ष ठेवणे आणि मुलाला व्यसनापासून दूर ठेवणे ही सारी त्याचीच कामे. यासाठी त्याला पगार नसतो. गुरुपौर्णिमेला मिळणारा फेटा-नारळ आणि पठ्ठ्याने मैदान मारल्यावर होणारा मान, एवढीच त्याची प्राप्ती.

महाविद्यालयात सामान्यतः एकच शारीरिक शिक्षण संचालक असतो आणि त्याच्याकडे कबड्डी, खो-खो, हॉलीबॉल, मैदानी खेळ असे सर्वच संघ असतात. तो स्वतः कुस्तीगीर असेल तर ते त्या महाविद्यालयाचे भाग्य. कुस्तीचा प्रशिक्षक म्हणून शास्त्रीय शिक्षण घ्यायचे तर १९६१ मध्ये सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा मान्य मार्ग आहे. परंतु अशा पदविकाधारकासाठी महाविद्यालयात स्वतंत्र पद नसते. परिणामी मल्ल वर्षातील बहुतेक दिवस वस्तादाजवळ शिकतो आणि स्पर्धेच्या आधीचे काही दिवस विद्यापीठाच्या सराव शिबिरात मॅटवर घालवतो.

या दोन शिक्षणांतील अंतर लहान नाही. मातीवरच्या पारंपरिक निकाली कुस्तीत गुण नसतात. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, तो चीतपट झाला, की कुस्ती संपली. तोवर अर्धा तास गेला तरी चालते. तेथे खडाखडीत वेळ काढून समोरच्याचा दम पाहणे हे शहाणपण मानले जाते. मॅटवरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. ताबा मिळवला की दोन गुण, नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण, उंचावरून फेकल्यास चार किंवा पाच. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की चीतपट न करताही कुस्ती जिंकली जाते. ग्रीको-रोमन प्रकारात आठ गुणांचीच आघाडी पुरते. निष्क्रिय राहणाऱ्याला पंच ताकीद देतात आणि पुढे तीस सेकंदांत गुण मिळवण्याचे बंधन घालतात. मातीतले शहाणपण येथे थेट दंडाला पात्र ठरते.

सर्वांत महागात पडते ती खाली बसून बचाव करण्याची सवय. मातीत मल्ल पोटावर घट्ट पडून राहिला की त्याला उलटवणे कठीण असते आणि तसे पडून राहण्यात कमीपणाही नसतो. मॅटवर अशा मल्लाच्या कंबरेला कव घालून भारंदाज डावाने त्याला कुशीवरून फिरवले जाते आणि प्रत्येक फिरकीला दोन गुण मिळतात. एकदा पकड बसली की चार-पाच फिरक्यांत, अर्ध्या मिनिटाच्या आत, लढत संपू शकते. ताकदीने मुळीच कमी नसलेला मल्ल अखिल भारतीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. उलटपक्षी एकेरी पट, दुहेरी पट, कलाजंग, धोबीपछाड हे मातीतले डाव मॅटवर पूर्ण उपयोगी पडतात. मातीत पाय रोवून ताकद लावावी लागत असल्याने तेथील मल्लाची पकड व कंबर मजबूत असते, असे जुन्या वस्तादांचे म्हणणे असते आणि ते रास्त आहे.

ग्रीको-रोमन प्रकाराची अडचण वेगळी. त्यात कंबरेखाली पकडण्यास आणि पायाचा वापर करण्यास मनाई असल्याने पट व टांग हे दोन्ही डाव बाद होतात. खानदेशातील तालमींत हा प्रकार परंपरेने शिकवला जात नाही. फ्रीस्टाइलमध्ये जागा न मिळालेले मल्ल ग्रीको-रोमनमध्ये उतरवण्याची प्रथा त्यामुळे पडली. दहा वजनगटांची ही संपूर्ण शाखा दुय्यम मानली गेल्याने विद्यापीठाच्या पदकसंधी कमी होतात. ग्रीको-रोमन शिकवणारा एक जरी जाणकार प्रशिक्षक तीन जिल्ह्यांत वर्षभर फिरता ठेवला, तरी या स्थितीत फरक पडू शकेल.

बारा मीटर लांबी-रुंदीची प्रमाण मॅट महाग असते आणि तिला बंदिस्त सभागृह लागते. खानदेशाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली दुपारी मॅटवर सराव करणे जवळजवळ अशक्य होते. तेथे सकाळ आणि संध्याकाळ एवढ्याच वेळा उरतात.

वजन आणि खुराक

पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये ५७ ते १२५ किलो, ग्रीको-रोमनमध्ये ५५ ते १३० किलो आणि महिलांच्या फ्रीस्टाइलमध्ये ५० ते ७६ किलो असे प्रत्येकी दहा वजनगट आहेत. संघात आपल्या वजनात आधीच बलवान मल्ल असला की दुसरा मल्ल खालच्या गटात उतरण्यासाठी वजन उतरवतो. पाणी तोडणे, अंगावर जाड कपडे घालून धावणे, जेवण बंद करणे हे त्याचे रूढ उपाय. पूर्वी वजन आदल्या संध्याकाळी होत असे, त्यामुळे रात्रभरात भरपाई करता येई. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होते आणि दोन दिवसांच्या गटात दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे लागते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरल्या, तो या नियमाचाच परिणाम.

वजन उतरवण्याचा धोका पदक गमावण्यापुरता नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल याच प्रयत्नात मरण पावले. त्यानंतर तेथे रबरी पोशाख व बाष्पखोल्यांवर बंदी आली आणि हंगामापूर्वी प्रत्येक मल्लाचे किमान सुरक्षित वजन ठरवण्याची पद्धत सुरू झाली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाणाऱ्या खानदेशात ही खबरदारी अधिकच आवश्यक आहे.

दूध, तूप, बदाम व थंडाई हा मल्लाचा परंपरागत खुराक. त्याचा खर्च घरावर पडतो आणि कापसाला भाव नसलेल्या वर्षी आधी तोच कमी होतो. त्या जागी बाजारातील डबाबंद भुकटी आली आहे. तिच्यातील घटकांची खात्री नसल्याने उत्तेजक चाचणीत अडकण्याचा संभव असतो. अजाणता घेतले हा बचाव अशा चाचणीत सहसा ग्राह्य धरला जात नाही.

स्थलांतर

खानदेशातील मल्ल नावारूपास येऊ लागला की तो पुण्याकडे किंवा कोल्हापूरकडे वळतो. विजय चौधरी हे याचे ठळक उदाहरण. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी येथील या मल्लाला कुस्ती घरातूनच मिळाली. पुढील सराव त्यांनी पुण्यात केला. २०१४ मध्ये अहमदनगर, २०१५ मध्ये नागपूर आणि २०१६ मध्ये पुण्यातील वारजे येथे त्यांनी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली. आधीच्या तीन वर्षांत नरसिंग यादव यांनी हाच पराक्रम केला होता. चौधरी पुढे राज्य पोलीस दलात उपअधीक्षक झाले आणि २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे जागतिक पोलीस व अग्निशमन स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

मल्लाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच असतो. सरावाला तोडीची जोड लागते. एका वजनाचे आठ-दहा चांगले मल्ल एका छताखाली असल्याखेरीज मोठ्या स्पर्धेची तयारी होत नाही. परंतु सराव पुण्यात आणि प्रवेश चाळीसगावात हे नियमित विद्यार्थ्याला जमत नाही. म्हणून मल्ल तिकडच्याच महाविद्यालयात नाव घालतो आणि तिकडच्या विद्यापीठाकडून खेळतो. १९९० मध्ये खानदेशाला स्वतंत्र संघ मिळाला खरा, पण त्याचे सर्वांत तयार मल्ल बऱ्याचदा जुन्याच विद्यापीठाच्या संघात असतात.

महिला कुस्ती

हनुमंताच्या मूर्तीसमोरील मातीच्या हौद्यात स्त्रियांना परंपरेने प्रवेश नव्हता. त्यामुळे मुलींच्या बाबतीत वर सांगितलेला क्रम उलटा होतो: तालीम आधी आणि महाविद्यालय नंतर असे न होता, पुष्कळ मुलींची कुस्तीशी पहिली गाठ शाळा-महाविद्यालयाच्या मॅटवरच पडते. महिला कुस्तीचा ऑलिंपिकमध्ये समावेश २००४ साली झाला. २०१६ मध्ये रिओ येथे साक्षी मलिक यांनी कांस्यपदक मिळवल्यानंतर ग्रामीण पालकांचा विरोध काहीसा मवाळ झाला. २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व तिच्यात सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. खानदेशात मुलींपुढील अडचण डावपेचांपेक्षा व्यवहाराची अधिक आहे: सरावाला बरोबरीच्या वजनाची दुसरी मुलगी नसणे, महिला प्रशिक्षक नसणे आणि संध्याकाळच्या सरावानंतर गावी जाणारी शेवटची बस.

सवलती आणि नोकरी

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे व सैन्यदल हीही मल्लांची नेहमीची ध्येये. कोरडवाहू शेती असलेल्या घरातून मुलाला तालमीत धाडताना ही नोकरीच डोळ्यांसमोर असते, आणि म्हणून महाविद्यालयाने दिलेल्या प्रमाणपत्राला पदकाइतकेच महत्त्व येते. आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे त्यासाठी नाशिक विभागात मोडतात. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती काय, त्या वजनगटात पुरेसे स्पर्धक होते काय, मिळवलेले स्थान पदाच्या श्रेणीला पुरेसे आहे काय, हे तेथे तपासले जाते. यात्रेच्या दंगलीत मिळवलेली ढाल किंवा चांदीचे कडे या कामी उपयोगी पडत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेत केवळ सहभागी झालेल्या मल्लाच्या हातीही फारसे काही लागत नाही. असा मल्ल पंचविशी ओलांडली की विद्यापीठाच्या स्पर्धेतून बाद होतो, गावी परततो, आणि त्यांपैकी काही जण ज्या तालमीत शिकले तिथेच पहाटे हौद्याच्या काठावर वस्ताद म्हणून उभे राहतात.